लायसिनवरचे दोन मिथिल

अंड्याच्या पांढऱ्या भागात सापडणारे लायसोझाइम हे प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तपासले, तर त्याचे वस्तुमान सुमारे १४,३०५ डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान) येते. याच प्रथिनावर थंड द्रावणात फॉर्माल्डिहाइड आणि एक सौम्य क्षपणक (हायड्रोजन देणारा पदार्थ) यांची प्रक्रिया घडवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वस्तुमान मोजले, तर मूळ शिखर नाहीसे होऊन १४,५०१ जवळ नवे शिखर दिसते. फरक १९६ डाल्टनचा, म्हणजे २८ च्या सात पट. लायसोझाइममध्ये लायसिन हे, टोकाला अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट असलेले अमिनो आम्ल सहा ठिकाणी आहे आणि साखळीच्या आरंभी आणखी एक मोकळा अमाइन गट आहे. या सातही जागी दोन-दोन हायड्रोजन जाऊन दोन-दोन मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) आले, असे हा आकडा सांगतो. हा वर्णपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पडद्यासमोरून उठले नाही. सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूतले नेमके चौदा हायड्रोजन बदलता येतात आणि रेणूची घडी तशीच राहते, ही गोष्ट मला आजही तितकीच विलक्षण वाटते. क्षपणकारी अल्किलीकरण, म्हणजेच प्रयोगशाळेतल्या रोजच्या बोलण्यातले ‘रिडक्टिव्ह अल्किलेशन’, या पद्धतीविषयी सविस्तर लिहावे असे तेव्हापासून मनात होते.

कागदावर ही प्रक्रिया दोन पायऱ्यांची आहे. अमाइन गटातला नायट्रोजन अल्डिहाइडच्या कार्बनशी जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो. या रचनेला इमीन म्हणतात. ह्यूगो शिफ यांनी १८६४ मध्ये अशा पदार्थांचे वर्णन केले, म्हणून ‘शिफ बेस’ हे नावही रूढ आहे. पाण्यात हा बंध टिकत नाही. तो जुळतो, पाण्यामुळे तुटतो, पुन्हा जुळतो, आणि द्रावण पातळ केले किंवा अल्डिहाइड काढून टाकले की मूळ अमाइन जसेच्या तसे परत मिळते. दुसऱ्या पायरीत क्षपणक या दुहेरी बंधाला हायड्राइड (इलेक्ट्रॉनांची जोडी सोबत आणणारा हायड्रोजन) देतो. दुहेरी बंधाचा एकेरी बंध होतो, नायट्रोजनवर नवा अल्किल गट (मिथिलसारखा कार्बन-हायड्रोजनचा गट) कायमचा बसतो आणि परतीची वाट बंद होते.

अडचण अशी की द्रावणात या दोनच घटना घडत नाहीत. इमीन तयार होणे, इमीनचे पाण्याने विघटन होणे, इमीनचे क्षपण होणे आणि खुद्द अल्डिहाइडचेच क्षपण होऊन त्याचे अल्कोहोल बनणे, अशा चार अभिक्रिया एकाच भांड्यात एकाच वेळी चालू असतात. कोणती किती वेगाने चालेल हे सामू (पीएच), तापमान, क्षपणकाची निवड आणि अल्डिहाइडचा आकार यांवर ठरते. तीन पदार्थ मिसळून रात्रभर ठेवण्याची कृती म्हणून ही पद्धत शिकवली जाते आणि माझ्या मते तिथेच चूक होते. ही वेगांची स्पर्धा आहे. अपेक्षित उत्पादन मिळाले नाही तर कोणता पदार्थ कमी पडला एवढे पाहून भागत नाही. या चारांपैकी कोणती अभिक्रिया पुढे निघून गेली, हे शोधावे लागते.

प्रथिनांच्या अभ्यासात क्षपणाची ही दुसरी पायरी आधी आली ती एका वेगळ्याच कामासाठी, आणि तो इतिहास मला फार प्रिय आहे. निसर्गात अनेक प्रथिने आपला साहाय्यक रेणू लायसिनवर इमीनच्याच बंधाने धरून ठेवतात. तो बंध मुळात सुटणारा असल्यामुळे प्रथिनाचे तुकडे करून शोधायला गेले की तो हाती लागत नसे. १९५८ मध्ये एडमंड फिशर, एडविन क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंतल्या फॉस्फोरिलेज या विकरावर सोडियम बोरोहायड्राइड या क्षपणकाची प्रक्रिया करून ब-६ जीवनसत्त्वापासून बनणारा पिरिडॉक्सल फॉस्फेट हा रेणू जागच्या जागी पक्का केला, आणि तो लायसिनवर बसलेला असतो हे दाखवून दिले. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनात रेटिनल हा प्रकाश शोषणारा रेणू कुठे जोडलेले असते, हा प्रश्नही १९६० च्या दशकात याच युक्तीने सुटला. क्षणिक बंध हायड्राइड देऊन टिपून ठेवायचा, ही कल्पना एकदा रुजल्यावर बाहेरून अल्डिहाइड देऊन असा बंध मुद्दाम घडवायचा आणि मग तो पक्का करायचा, हे पाऊल दूर नव्हते.

ते पाऊल १९६८ मध्ये गॅरी मीन्स आणि रॉबर्ट फीनी यांनी टाकले. शून्य अंश सेल्सिअसला, सामू ९ च्या आसपास ठेवून, फॉर्माल्डिहाइड आणि सोडियम बोरोहायड्राइड थोडे थोडे घालत त्यांनी प्रथिनांतील अमाइन गटांवर मिथिल गट बसवले. थोडे थोडे घालण्याला कारण होते. बोरोहायड्राइड इमीनचे क्षपण करते तसेच अल्डिहाइडचेही करते, त्यामुळे फॉर्माल्डिहाइडचा मोठा भाग मिथेनॉल होऊन वाया जातो. शिवाय आम्लधर्मी द्रावणात बोरोहायड्राइड स्वतः झपाट्याने विघटित होऊन हायड्रोजन वायू सोडते, म्हणून सामू चढा ठेवावा लागतो. प्रथिनातले डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध तुटण्याचा धोकाही त्यात असतो.

या अडचणीतून वाट निघाली ती सोडियम सायनोबोरोहायड्राइडमुळे. रिचर्ड बोर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवले, की हे क्षपणक सामू ६ ते ७ या पट्ट्यात प्रोटॉन घेतलेल्या इमीनचे क्षपण चांगल्या वेगाने करते, पण अल्डिहाइड आणि कीटोन यांना त्या सामूला फारसा धक्का लावत नाही; त्यांचे क्षपण सामू ३ ते ४ पर्यंत खाली गेल्यावर वेग घेते. सायनाइड गट बोरॉनकडची इलेक्ट्रॉन घनता ओढून घेतो, त्यामुळे हायड्राइड देण्याची त्याची तयारी कमी होते, आणि हा मंदपणाच उपयोगी पडतो. स्पर्धेतील चौथी अभिक्रिया जवळजवळ बाद होते. १९७९ मध्ये जेंटॉफ्ट आणि डिअरबॉर्न यांनी हे क्षपणक सामू ७ ला प्रथिनांवर वापरले, आणि शरीरातल्या प्रथिनांना मानवेल अशा उदासीन द्रावणात ही पद्धत आली. सायनोबोरोहायड्राइडमधून सायनाइड सुटू शकते आणि आम्लाशी गाठ पडली तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निर्माण होतो, हे मात्र कधीही विसरता कामा नये. धूर ओढणाऱ्या कपाटाबाहेर त्याची बाटली उघडू नये आणि उरलेले द्रावण आम्लाच्या कचऱ्यात टाकू नये. उत्पादनात उरणारे सायनाइड नको असेल तर डायमिथिलअमाइन बोरेन, पिरिडिन बोरेन किंवा पिकोलिन बोरेन यांसारखे पर्याय आहेत. ट्रायअॅसिटॉक्सीबोरोहायड्राइड हे सेंद्रिय रसायनज्ञांचे आवडते क्षपणक आहे, पण ते पाण्यात विघटित होत असल्यामुळे प्रथिनांच्या कामात त्याचा उपयोग होत नाही.

एक मिथिल बसल्यावर अभिक्रिया तिथेच का थांबत नाही, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. एक मिथिल असलेला अमाइन गट मूळ गटापेक्षा अधिक क्रियाशील असतो, आणि फॉर्माल्डिहाइड इतके लहान असते की त्याला गर्दीची अडचण होत नाही. त्यामुळे पहिल्या मिथिलपाठोपाठ दुसरे बसते. अल्डिहाइड मोठे असेल, किंवा अॅसिटोनसारखे कीटोन असेल, तर दुसऱ्या गटाला जागाच उरत नाही आणि एकच अल्किल गट बसून काम थांबते. तिसरा मिथिल या मार्गाने बसू शकत नाही, कारण दोन अल्किल गट असलेल्या नायट्रोजनवर इमीन बनवण्यासाठी सोडायला पुरेसे हायड्रोजन राहिलेले नसतात. प्रोटॉन घेतलेले इमीन बनले आणि ते क्षपित झाले की तिथेच शेवट होतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण प्रभाराशी निगडित आहे. लायसिनवर इतर गट बसवण्याच्या पद्धतींपैकी अॅसिटिलीकरणात लायसिनचा धन प्रभार नाहीसा होतो आणि सक्सिनिलीकरणात तर तो उलटा होऊन ऋण होतो. दोन्ही वेळा प्रथिनाची विद्राव्यता, घडी आणि इतर रेणूंशी असलेले नाते बदलू शकते. अल्किलीकरणात नायट्रोजन अमाइनच राहतो, उदासीन सामूला प्रोटॉन धरून ठेवतो आणि धन प्रभार टिकतो. पाण्याशी हायड्रोजन बंध करण्याची लायसिनची ताकद तेवढी घटते आणि टोकाशी थोडी तेलकट वृत्ती येते. बदल करायचा पण प्रथिनाला त्याची फारशी जाणीव होऊ द्यायची नाही, अशी गरज असेल तेव्हा मी आधी याच पद्धतीकडे वळते.

स्फटिकशास्त्रात हीच गरज कामी आली. लायसिनची लांब, लवचीक साखळी प्रथिनाच्या पृष्ठभागावर हलत राहते, आणि रेणू एकमेकांना नीट टेकून स्फटिकात रचले जाण्यात तिचा अडथळा होतो. इव्हान रेमेंट आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोंबडीच्या स्नायूतील मायोसिनच्या डोक्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, ती लायसिनवर मिथिल गट बसवलेल्या प्रथिनाच्या स्फटिकांवरून. स्नायू आकुंचन पावताना बल कसे निर्माण होते, या प्रश्नाचे अणुपातळीवरचे चित्र त्यातून मिळाले. त्याच सुमारास लायसोझाइमवर तपासून पाहण्यात आले, की मिथिल बसल्यावर स्फटिकातली मांडणी बदलते, पण प्रथिनाची घडी तशीच राहते. मिथिलयुक्त मायोसिनच्या विकरक्रियेचे वेग मात्र बदललेले आढळले. रचना टिकणे आणि काम टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिथिल बसवलेल्या नमुन्यावरून क्रियाशीलतेचे निष्कर्ष काढताना हे भान ठेवावेच लागते.

माझा स्वतःचा पहिला प्रयत्न फसला. प्रथिन शुद्धीकरणाच्या स्तंभातून ट्रिस बफरमध्ये (बफर म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण) आले होते आणि घाईत मी बफर न बदलता फॉर्माल्डिहाइड घातले. ट्रिस हा स्वतःच प्राथमिक अमाइन आहे आणि प्रथिनाच्या तुलनेत तो द्रावणात हजारो पट असतो. फॉर्माल्डिहाइड सारे त्याने घेतले आणि प्रथिन जवळपास कोरे राहिले. दुसऱ्या वेळी मी हेपेस बफर घेतले, पण प्रथिनाची संहती मिलिलिटरला आठ मिलिग्रॅम ठेवली, आणि तासाभरात द्रावण दुधासारखे पांढरे झाले. फॉर्माल्डिहाइड दोन रेणूंमध्ये पूलही बांधू शकते, आणि रेणूंची दाटी जितकी अधिक तितकी ती शक्यता वाढते. तिसऱ्या वेळी मिलिलिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन, सामू ७.५, चार अंश तापमान, प्रत्येक मिलिलिटरमागे एक मोलर डायमिथिलअमाइन बोरेनचे २० मायक्रोलिटर आणि एक मोलर फॉर्माल्डिहाइडचे ४० मायक्रोलिटर, दोन तासांनी तेवढेच पुन्हा, आणि नंतर बोरेनचे आणखी १० मायक्रोलिटर घालून रात्रभर थांबणे, ही प्रचलित कृती जशीच्या तशी पाळली आणि वस्तुमान अपेक्षेप्रमाणे आले. शेवटी ट्रिस किंवा ग्लायसिन घालून उरलेले फॉर्माल्डिहाइड संपवतात. ज्या ट्रिसने पहिला प्रयोग बिघडवला, त्याचे खरे स्थान इथे आहे.

सर्व अमाइन गटांऐवजी एकच निवडायचा असेल तर सामू खाली आणावा लागतो. लायसिनच्या टोकाचा अमाइन गट सामू साडेदहाच्या जवळपास प्रोटॉन सोडतो, तर साखळीच्या आरंभीचा अमाइन गट पावणेआठच्या आसपास. अभिक्रिया प्रोटॉन नसलेल्या नायट्रोजनशीच होते. सामू ५ ला दोन्ही गट बहुतांशी प्रोटॉन घेतलेले असतात, पण आरंभीच्या गटाचा मोकळा अंश लायसिनच्या मोकळ्या अंशापेक्षा काही शे पट असतो, आणि वेगांच्या स्पर्धेत एवढी आघाडी निर्णायक ठरते. पेगफिलग्रास्टिम हे औषध याच तत्त्वावर तयार होते. पांढऱ्या पेशींची वाढ घडवणाऱ्या १७५ अमिनो आम्लांच्या फिलग्रास्टिम प्रथिनाच्या आरंभीच्या मेथिओनिनवर, अल्डिहाइडचे टोक असलेली सुमारे २० किलोडाल्टनची पॉलिएथिलिन ग्लायकॉलची साखळी सायनोबोरोहायड्राइडच्या साहाय्याने जोडली जाते. प्रथिनाचे वस्तुमान सुमारे १९ किलोडाल्टनवरून ३९ वर जाते, मूत्रपिंडातून ते सहज गाळले जात नाही, आणि मूळ औषधाचा साडेतीन तासांचा अर्धायुकाल १५ ते ८० तासांपर्यंत लांबतो. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीत रोज टोचून घ्यावे लागणारे इंजेक्शन एकदाच पुरते. या औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. प्रथिनात चार लायसिन असूनही साखळी एकाच जागी बसते. रुग्णापर्यंत एकसारखा पदार्थ पोहोचण्यासाठी हे फार महत्त्वाचे आहे, कारण वेगवेगळ्या जागी जोडलेल्या रेणूंची क्रियाशीलता वेगवेगळी असते.

प्रथिनांच्या मोजणीतही ही पद्धत स्थिरावली आहे. एका नमुन्यातल्या पेप्टाइडांना (प्रथिनांच्या तुकड्यांना) साधे फॉर्माल्डिहाइड, दुसऱ्याला ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) आणि तिसऱ्याला जड कार्बन व ड्युटेरियम दोन्ही असलेले फॉर्माल्डिहाइड व ड्युटेरियमयुक्त क्षपणक दिले, की प्रत्येक अमाइनमागे अनुक्रमे २८, ३२ आणि ३६ डाल्टनची भर पडते. तिन्ही नमुने एकत्र करून एकाच फेरीत मोजता येतात. अभिकारक स्वस्त आहेत आणि अभिक्रिया मिनिटांत पूर्ण होते.

बहुवारिकांकडे (पॉलिमरकडे) वळले की चित्र बदलते, कारण तिथे सात किंवा पाच जागांऐवजी एका साखळीवर शेकडो जागा असतात. कवचधारी प्राण्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणारे कायटोसन हे अमाइन गटांनी भरलेले बहुवारिक आहे. त्याची मोठी अडचण म्हणजे ते सौम्य आम्लात विरघळते, पण सामू साडेसहाच्या वर गेला की प्रोटॉन गमावून खाली बसते. हॉल आणि यल्पानी यांनी १९८० मध्ये लॅक्टोजसारख्या शर्करा सायनोबोरोहायड्राइडच्या साहाय्याने कायटोसनच्या अमाइन गटांवर बसवल्या, आणि साखळीला शर्करेच्या फांद्या फुटल्यामुळे ते उदासीन पाण्यातही विद्राव्य झाले. अशा शर्करांचा फारच थोडा अंश पाण्यात उघड्या अल्डिहाइड रूपात असतो, म्हणून ही अभिक्रिया संथ असते आणि संयम मागते. ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरून कार्बॉक्सिमिथिल कायटोसन करण्याची मुझ्झरेल्ली यांची १९८२ ची पद्धतही याच कुळातली आहे. कायटोसनच्या बाबतीत किती टक्के जागा भरल्या हा सरासरीचा आकडा असतो. एका साखळीवर त्या विखुरलेल्या आहेत की घोळक्याने, हे त्या आकड्यातून कळत नाही. आम्लात पूर्ण विरघळवून केलेली अभिक्रिया आणि फुगलेल्या कणांवर केलेली अभिक्रिया यांचा सरासरी आकडा सारखा आला, तरी दोन्ही पदार्थ पाण्यात अगदी निराळे वागतात. म्हणून अभिक्रियेची स्थिती न सांगता केवळ प्रतिस्थापनाचा आकडा देणारे अहवाल मला अपुरे वाटतात.

प्रथिन आणि बहुवारिक यांची गाठ घालण्याचे कामही हीच अभिक्रिया करते, आणि लहान मुलांच्या लशींमध्ये तिचा वाटा फार मोठा आहे. जिवाणूंच्या आवरणातील शर्करासाखळ्या दोन वर्षांखालील बालकांच्या शरीरात टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण करत नाहीत. त्याच साखळ्या प्रथिनाला जोडल्या, तर टी पेशींची मदत मिळते आणि स्मृती तयार होते. जेनिंग्स आणि लुगोव्स्की यांनी १९८१ मध्ये मेनिंगोकोकसच्या शर्करासाखळ्यांवर पेरिआयोडेट या ऑक्सिडीकारकाने अल्डिहाइड निर्माण करून त्या धनुर्वाताच्या टॉक्सॉइडशी (निर्विष केलेल्या विषाशी) क्षपणकारी अमिनीकरणाने, म्हणजे याच अभिक्रियेने, जोडल्या. न्यूमोकोकसविरुद्धची सात प्रकारांची संयुग्मी लस अमेरिकेत २००० मध्ये आली, तिच्यातही हाच मार्ग वापरला गेला. तिथे वाहक प्रथिन आहे घटसर्पाच्या विषातील एकच अमिनो आम्ल बदललेले निर्विष रूप, ज्यावर ३९ लायसिन आहेत. जोडणी झाल्यावर साखळीवर उरलेले अल्डिहाइड गट तसेच सोडता येत नाहीत, कारण ते पुढे दुसऱ्या प्रथिनांशी अभिक्रिया करतील. त्यासाठी अखेरीस सोडियम बोरोहायड्राइड घालतात आणि ते अल्डिहाइडचे अल्कोहोल करून टाकते. मीन्स आणि फीनी यांना ज्या गुणामुळे फॉर्माल्डिहाइड थोडे थोडे घालावे लागले, तोच गुण इथे हवा असतो.

कायटोसनवर बारा कार्बनांची शेपटी असलेले डोडेकॅनाल बसवले तर आणखी एक वर्तन दिसते. दर शंभर एककांमागे मोजक्याच शेपट्या असूनही द्रावण घट्ट होते, कारण शेपट्या पाण्यापासून दूर पळून एकमेकींना बिलगतात. असे कायटोसन रक्तात मिसळले, की शेपट्या रक्तपेशींच्या पटलांत शिरतात, धन प्रभारित साखळ्या पेशींना एकमेकींशी बांधतात आणि रक्ताचा जेल होतो. रक्त गोठवण्याची शरीराची स्वतःची साखळी यात लागत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका कामात पुढे असे दाखवले आहे, की या जेलमध्ये अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन हा शर्करेच्या कड्यासारखा रेणू घातला तर त्याच्या पोकळ कड्यांत शेपट्या ओढल्या जातात आणि रक्त पुन्हा वाहू लागते. नायट्रोजन आणि शेपटी यांच्यातला बंध मात्र दोन्ही वेळा तसाच असतो.